काँक्रीटमधला रेडॉन: कोल्हापुरातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

घर बांधायला काढलेली, नवा फ्लॅट घेतलेली किंवा मोबाईलवर काहीतरी वाचून घाबरलेली माणसं जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. काँक्रीटच्या आत काय घडतं हे कळल्याशिवाय पुढच्या सल्ल्याला अर्थ नाही, म्हणून तो भाग मुद्दाम सविस्तर दिला आहे.

रेडॉन म्हणजे काय?

रंग, वास, चव काहीही नसलेला किरणोत्सारी वायू. युरेनियमपासून टप्प्याटप्प्यानं रेडियम तयार होतं आणि रेडियमचा अणू फुटला की रेडॉन जन्माला येतो. रेडॉनचं अर्धआयुष्य ३.८२ दिवस, म्हणजे आज १०० अणू असतील तर चार दिवसांच्या आतच त्यातले निम्मे फुटून गेलेले असतात. रेडियमचं अर्धआयुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षं आहे. या दोन आकड्यांवरच पुढची बरीच उत्तरं उभी आहेत.

त्याचा एक भाऊबंदही आहे, थोरॉन. तो थोरियमच्या साखळीत तयार होतो आणि त्याचं अर्धआयुष्य जेमतेम ५६ सेकंद. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

काँक्रीटमध्ये हे रेडियम कोण घालतं? सिमेंटात भेसळ असते का?

कोणी घालत नाही. दगड, माती, वाळू, चुनखडी, कोळशाची राख, सगळ्यांत ते मुळातच असतं. खडकात युरेनियम आहे म्हणून खडीत आहे, आणि खडीत आहे म्हणून स्लॅबमध्ये आहे. जगभरच्या मातीत सरासरी दर किलोला ३० ते ३५ बेकरेल रेडियम सापडतं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. साध्या काँक्रीटचा जगभर धरला जाणारा ठोकळ आकडा किलोला ४० बेकरेलच्या आसपास आहे.

मग कोल्हापुरातल्या काँक्रीटमध्ये किती?

इथं आपलं नशीब चांगलं आहे. जोतिबाच्या डोंगरापासून टोपच्या खाणीपर्यंत पायाखाली जो काळा दगड आहे तो दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बेसाल्टमध्ये युरेनियम फार कमी असतं. ग्रॅनाईटच्या दगडात किलोला ४०-६० बेकरेल रेडियम ही नेहमीची गोष्ट, काही जातींत १०० च्याही पुढे. बेसाल्टमध्ये हा आकडा साधारण १० च्या आगेमागे राहतो.

ठोकळ हिशेब मांडून बघू. एक घनमीटर काँक्रीटमध्ये खडी आणि क्रश सँड मिळून १,९०० किलो, सिमेंट ३५० किलो, बाकी पाणी. खडी-सँडचे किलोला ८ बेकरेल धरले तर १५,२०० होतात. सिमेंटचे ४० धरले तर १४,०००. एकूण २९,२००, आणि त्याला २,४०० किलोंनी भागलं तर किलोला १२ बेकरेल येतात. म्हणजे जगाच्या ठोकळ आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. गंमत अशी की वजनात जेमतेम सातवा हिस्सा असलेलं सिमेंट रेडियमचा जवळपास निम्मा वाटा उचलतं, कारण आपली खडी इतकी गरीब आहे.

नदीची वाळू मिळेनाशी होऊन क्रश सँड आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण रेडॉनच्या बाबतीत तिच्यात वावगं काही नाही. ती त्याच काळ्या दगडाची पूड आहे.

रेडियम आहे म्हणजे तितका रेडॉन घरात येणारच ना?

नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. किती *आहे* आणि किती *सुटतं* या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

रेडियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अल्फा कण, म्हणजे अणूच्या गाभ्याचा एक छोटा तुकडा, एका बाजूला सुसाट जातो आणि नवा जन्मलेला रेडॉन उलट्या बाजूला फेकला जातो, बंदूक उडवल्यावर दस्ता खांद्यावर आदळतो तसा. या धक्क्यानं रेडॉनचा अणू दगडासारख्या घन पदार्थात जातो किती? २० ते ७० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २० मिलिमीटरच्या खडीच्या पोटात जन्मलेला रेडॉन बाहेर येण्याची शक्यताच नाही. तो आतच अडकतो आणि काही दिवसांत फुटून संपतो.

बाहेर पडतो तो कणाच्या अगदी कातडीजवळ जन्मलेला अणू. म्हणून कण जितका बारीक आणि त्याच्या आत जितक्या भेगा व पोकळ्या, तितकं सुटणं जास्त. काँक्रीटमध्ये हे काम करते ती खडीभोवतीची सिमेंटची लगदी. लगदी वाळून घट्ट झाली तरी तिच्यात लाखो सूक्ष्म छिद्रं राहतात. एकूण जन्मलेल्या रेडॉनपैकी छिद्रांत पोहोचणारा हिस्सा काँक्रीटमध्ये साधारण ५ ते ३० टक्के असतो. उरलेला कधीच कुणाच्या नाकापर्यंत येत नाही.

छिद्रात आल्यावर तो खोलीत कसा पोहोचतो?

छिद्रातल्या हवेत रेडॉनचे अणू इकडून तिकडे भटकत राहतात. जिथं गर्दी जास्त तिथून जिथं कमी तिकडे सरकतात. भिंतीच्या आत गर्दी, खोलीत मोकळीक, त्यामुळे ओढ खोलीकडे. याला विसरण म्हणतात. याला वारा लागत नाही की दाब लागत नाही.

रेडॉनच्या अणूला सरासरी साडेपाच दिवसांचं आयुष्य. तेवढ्यात तो किती पल्ला गाठतो, हा खरा प्रश्न. स्तब्ध हवेत दोन मीटरहून थोडं जास्त. पाण्यात जेमतेम दोन सेंटीमीटर. काँक्रीटमध्ये, त्याच्या घट्टपणानुसार, साधारण १० ते २० सेंटीमीटर.

आता आपल्या भिंती आणि स्लॅब आठवा. पाच-सहा इंच, म्हणजे १२ ते १५ सेंटीमीटर. अगदी मध्यावरून पृष्ठभाग सहा-सात सेंटीमीटरवर. म्हणजे छिद्रांत सुटलेला बहुतेक रेडॉन मरायच्या आत एका ना एका बाजूनं बाहेर पडतोच. मोठ्या धरणाच्या भिंतीत आतला रेडॉन आतच संपेल, घराच्या स्लॅबमध्ये नाही. म्हणून घराच्या बाबतीत छिद्रात किती सुटतो हा आकडा पकडला की निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं.

भेगा, हनीकोंब (मसाला नीट न बसल्यानं पोकळ्या) राहिलेला कॉलम, पाईपसाठी पाडलेलं भोक यांची गोष्ट निराळी. तिथून हवा सरळ वाहते आणि वाहती हवा विसरणापेक्षा कितीतरी पटींनी जास्त रेडॉन उचलून नेते. पण असं होण्यासाठी पलीकडे रेडॉनचा साठा हवा. दोन फ्लॅटमधल्या भिंतीला तडा गेला तर काही बिघडत नाही. जमिनीला टेकलेल्या फरशीला तडा गेला तर बिघडू शकतं.

पावसाळ्यात भिंती ओल्या होतात. तेव्हा रेडॉन वाढतो की कमी होतो?

दोन्ही. उत्तर किती ओल यावर आहे.

कोरड्या छिद्रात धक्का खाऊन आलेला रेडॉनचा अणू इतक्या जोरात असतो की समोरच्या काठावर जाऊन तिथं घुसतो. एका कैदेतून सुटला, दुसरीत गेला. हवेत त्याचा पल्ला साठेक मायक्रोमीटर आणि छिद्र त्याच्या हजारो पट अरुंद, मग थांबणार कसा? पण छिद्राच्या आत पाण्याचा पातळ थर असेल तर त्या पाण्यात तो १०० नॅनोमीटरच्या आसपास येऊन थांबतो, मग सावकाश हवेत निसटतो. त्यामुळे थोडी ओल आली की सुटणाऱ्या रेडॉनचं प्रमाण चांगलंच वाढतं.

पण भिंत पाण्यानं गच्च भरली, सगळी छिद्रं तुंबली, की बाहेर पडायची वाटच बंद. पाण्यातून सरकायला हवेपेक्षा दहा हजार पट वेळ लागतो. मग सुटलेला रेडॉन आतच मरतो.

म्हणजे वाईट अवस्था मधली: ना कोरडी, ना गच्च. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भिंती नेमक्या अशाच असतात, आणि त्याच दिवसांत पावसाची झड आत येते म्हणून आपण खिडक्या लावून बसतो. भिंतीतून येणारा रेडॉन थोडा वाढला, पण घरात साठला तो मुख्यतः खिडकीमुळे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात आमचं घर बुडालं होतं. भिंतीत पाणी मुरलं. आता रेडॉनचा धोका आहे का?

शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्कच्या बाजूनं हा प्रश्न हमखास येतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना भिंतीबद्दल काळजी वाटणं साहजिक आहे.

पुराच्या पाण्यानं भिंतीतलं रेडियम वाढत नाही. भिंत वाळत असताना काही आठवडे रेडॉन जरा जास्त सुटला असेल, पण त्या दिवसांत दारं-खिडक्या सताड उघडी होती, पंखे लावले होते, त्यामुळे तो साठायला जागाच नव्हती. आज ती गोष्ट संपलेली आहे. बुडालेल्या घराची खरी काळजी वेगळी करा: गिलाव्यामागची बुरशी, गंजलेल्या सळ्या, पायाखालची खचलेली माती. फरशीला नव्यानं भेगा पडल्या असतील तर तेवढ्या भरून घ्या. ते रेडॉनसाठीही बरं आणि झुरळांसाठीही.

खोलीत शेवटी किती साठतो? आकडा सांगा.

एक १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली घेऊ. हवा ३४ घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून ६० चौरस मीटर. सगळं सहा इंची काँक्रीटच आहे असं धरू, म्हणजे मायवान शटरिंगच्या, भिंतीही साच्यात काँक्रीटच्याच ओतलेल्या नव्या इमारतीसारखं. विटेच्या भिंती असतील तर हिशेब बदलेल, पण फार नाही.

आधी जगाचा ठोकळ आकडा घेऊ, किलोला ४० बेकरेल, आणि १० टक्के सुटतो असं धरू. दर चौरस मीटरमधून तासाला सुमारे ५ बेकरेल बाहेर येतात, खोलीत तासाला ३२० च्या आसपास.

खिडक्या उघड्या आणि हवा तासाला तीनदा बदलत असेल, तर घनमीटरला ३ बेकरेल. बाहेरच्या मोकळ्या हवेतच १० च्या आसपास असतात, त्यामुळे ही भर कळणारही नाही. खिडकी किंचित किलकिली, दोन तासांत एकदा हवा बदलते, तर १८. आणि सगळं घट्ट बंद, दहा तासांत एकदा हवा बदलते, तर ८५ ते ९०.

काँक्रीट तेच, भिंत तीच, आणि आकडा तिसापट. हाच हिशेब आपल्या बेसाल्टच्या काँक्रीटसाठी केला की घट्ट बंद खोलीतही भर २५-३० च्या घरात राहते.

किती असला की काळजी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरांसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली. जिथं ती पाळणं शक्य नाही तिथंही ३०० च्या वर जाऊ नये असं सांगितलं. अमेरिकेत १४८ च्या वर गेलं की उपाय करा म्हणतात.

हे आकडे म्हणजे विष आणि अमृत यांच्यामधली रेघ नव्हे. ९९ ला सुरक्षित आणि १०१ ला आजार असं काही होत नाही. युरोपातल्या १३ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षानुवर्षं राहत्या घरात दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. शक्यता मुळात जितकी असेल तिच्या १६ टक्के, हे लक्षात घ्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची मुळातलीच शक्यता मोठी, म्हणून रेडॉनचा तडाखा त्यालाच जास्त बसतो. घरात कोणी ओढत असेल तर रेडॉनचं मीटर घेण्याआधी ते बंद करा.

वायू श्वासात जातो आणि बाहेरही येतो. मग त्रास कसला?

बरोबर पकडलंत. रेडॉन कशाशी संयोग करत नाही, आत गेलेला बहुतेक तसाच बाहेर येतो. त्रास देतात ती त्यापासून तयार होणारी पुढची मूलद्रव्यं. पोलोनियम, शिसं, बिस्मथ ही वायू नाहीत. ती धुळीच्या कणांना चिकटतात, श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटतात आणि काही मिनिटांत तिथंच फुटतात. पोलोनियम-२१८ चं अर्धआयुष्य तीन मिनिटं. अल्फा कण कागदसुद्धा भेदत नाही, पण पोलोनियमचा अणू अस्तराच्या पेशींना चिकटून फुटला तर मध्ये कागद नसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं रेडॉनला १९८८ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं, ते यामुळेच.

इमारत जुनी झाली की रेडॉन संपतो का?

रेडॉन रोज संपतो आणि रोज जन्मतो. रेडियमला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात, तेवढं तुमच्या स्लॅबला काही आयुष्य नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत काँक्रीट वाळतं, त्यामुळे सुटण्याचं प्रमाण थोडं खाली येऊन स्थिरावतं. तेवढाच फरक.

जाता जाता: प्रयोगशाळेत काँक्रीटचा तुकडा हवाबंद डब्यात ठेवून त्यातला रेडॉन मोजायचा तर साधारण चार आठवडे थांबावं लागतं. सात अर्धआयुष्यं उलटली की जन्म आणि मृत्यू यांचा तोल ९९ टक्क्यांपर्यंत सावरतो. काँक्रीटची ताकद तपासायच्या क्यूब टेस्टलाही आपण २८ दिवसच थांबतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध शून्य, पण लॅबवाल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपं.

सिमेंटात फ्लाय अ‍ॅश असते. ती तर कोळशाची राख. ती वाईट नाही का?

कोळसा जळाला की युरेनियम-थोरियम राखेत उरतं, म्हणून राखेत रेडियम जास्त असतं, किलोला १०० ते २०० बेकरेल सहज. आणि पीपीसी सिमेंटात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. एवढं वाचून माणूस घाबरतो.

पण आधीचा मुद्दा आठवा, आहे आणि सुटतं. भट्टीच्या उष्णतेत राखेचे कण वितळून काचेच्या गोळ्या झालेले असतात. काचेच्या आत जन्मलेला रेडॉन तिथंच कोंडला जातो. राखेतून सुटणारा हिस्सा मातीच्या तुलनेत नगण्य, बऱ्याचदा एखाद-दोन टक्के. शिवाय फ्लाय अ‍ॅशनं काँक्रीटची छिद्रं बारीक होतात. त्यामुळे राखेचं सिमेंट वापरलं म्हणून खोलीतला रेडॉन त्याच प्रमाणात वाढत नाही. राखेच्या विटांनाही हेच लागू.

एएसी ब्लॉकबद्दल स्वीडनची काहीतरी बातमी वाचली होती.

ती बातमी खरी आहे, फक्त आपल्या ब्लॉकची नाही. स्वीडनमध्ये १९२९ पासून १९७५ पर्यंत फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे निळसर ब्लॉक बनत होते. त्यात कच्चा माल म्हणून वापरलेला तिथला काळा पाटीचा दगड युरेनियमनं भरलेला होता. किलोला हजार-दोन हजार बेकरेलपर्यंत रेडियम. त्यात १९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णता वाचवायला लोकांनी घरं घट्ट बंद केली आणि घरातला रेडॉन वर चढला.

आपल्याकडे साईटवर येणारे पांढरट-करडे ब्लॉक राख, चुना, सिमेंट आणि ॲल्युमिनियमच्या पुडीपासून बनतात. फुगवण्याची रीत एकच, पण दगड तो नाही. ब्लॉक हलका म्हणून वजनानं रेडियमही कमी. बिनधास्त लावा. लावताना सांध्यात मसाला पोकळ राहू देऊ नका, पण ते रेडॉनसाठी नाही, पावसासाठी.

किचनच्या ओट्याचा ग्रॅनाईट काढून टाकू का?

नको. पाऊण इंचाची पाटी, दोन-तीन चौरस मीटर क्षेत्र, आणि दगड इतका घट्ट की सुटणं अगदी थोडं. त्यावर भाकरी थापा, पोळ्या लाटा, काही होत नाही. कडप्पा तर चुनखडीचा, त्याचा विषयच नाही.

ग्रॅनाईट महत्त्वाचा ठरतो तो खडी म्हणून, जेव्हा सगळी इमारतच त्याची बनते. हाँगकाँगमध्ये ग्रॅनाईटची खडी वापरून उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथं विसाव्या मजल्यावरही रेडॉन सापडतो आणि तो जमिनीतून नाही, भिंतीतून येतो.

पीओपीचं छत?

नैसर्गिक जिप्समचं असेल तर रेडियम फारच कमी, किलोला १० च्या आसपास. खत कारखान्यात फॉस्फेट खडकापासून उरणाऱ्या फॉस्फोजिप्समचं असेल तर काही शेकड्यांत. पत्रे किंवा पॅनेल घेताना दुकानदाराला एवढं एकच विचारा.

फाउंड्रीची टाकाऊ वाळू भरावात टाकली आहे. चालेल का?

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या शहराला साजेसा प्रश्न. साच्याची वाळू बहुतेक सिलिका, तिच्यात रेडियम थोडंच. साच्याला आतून लावायच्या लेपात झिरकॉनची पूड असू शकते आणि झिरकॉनमध्ये युरेनियम पुष्कळ असतं. पण त्या स्फटिकातून रेडॉन फारसा सुटत नाही, आणि भरावात तिचं प्रमाणही चिमूटभर. वाळूत उरलेल्या रेझिन आणि धातूंची चौकशी करा, तो जास्त रास्त प्रश्न आहे.

तालमीतल्या लाल मातीतून रेडॉन येतो का?

येतो. मोकळी, बारीक, ओलसर माती दगडापेक्षा जास्त हिश्श्यानं रेडॉन सोडते, आणि हळद, ताक, लिंबू घालून काही बदलत नाही. पण आपल्या जुन्या तालमींचं छप्पर उंच, झरोके मोठे, दार कायम उघडं. नव्या पद्धतीनं एसी लावून कुस्तीचा हौदा बंद खोलीत करायचा असेल तर हवेची सोय आधी करा. पैलवान एका मिनिटात जितकी हवा ओढतो तितकी आपण पाच मिनिटांतही ओढत नाही.

तळमजला आणि तिसरा मजला, फरक पडतो का?

खूप. वरच्या मजल्यांवर रेडॉन फक्त भिंती-स्लॅबमधून येतो, तो कसा आणि किती ते वर सांगितलंच. तळमजल्याला जमीन चिकटलेली असते आणि जगातल्या बहुतेक रेडॉनच्या कहाण्या जमिनीच्याच आहेत. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रास नावाच्या अभियंत्यानं अणुवीज केंद्रातल्या तपासणी यंत्रांची घंटी वाजवली. किरणोत्सार केंद्रातून नव्हे, घरातून अंगावर आला होता, आणि घरात आला होता खालच्या जमिनीतून.

घरातली हवा तापून वर जाते, खालच्या भागात दाब बाहेरपेक्षा अगदी किंचित कमी होतो, आणि तेवढ्या फरकानं मुरमातली, सोलिंगमधली हवा भेगांतून, पाईपभोवतीच्या फटीतून, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आत ओढली जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा तिच्यातून हवा आणखी मोकळी वाहते. आपल्या जमिनीत युरेनियम कमी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. पण राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांखालची तळघरं, जिथं क्लास चालतात किंवा गोदाम आहे, तिथं एकदा मोजणं शहाणपणाचं. तळघरात नुसता एक्झॉस्ट फॅन लावला आणि ताजी हवा आत यायला वाट ठेवली नाही तर पंखा जमिनीतूनच हवा ओढतो, हेही लक्षात असू द्या.

आणि थोरॉन?

५६ सेकंदांत निम्मा होतो, त्यामुळे भिंतीच्या वरच्या सेंटीमीटरभरातलाच बाहेर येतो. भिंतीपासून हातभर दूर गेलं की फारसा उरत नाही. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि पन्हाळ्याकडचा जांभा दगड यांत तो सिमेंटच्या भिंतीपेक्षा जास्त भेटू शकतो. पलंग भिंतीला डोकं चिकटेल असा न ठेवता थोडा सरकवला तर विषय संपतो.

रंग, पुट्टी, वॉटरप्रूफिंग लावून रेडॉन अडतो का?

चुन्याची सफेदी: नाही. पुट्टी आणि साधा प्लास्टिक पेंट: थोडासा. जाड इपॉक्सी किंवा नीट लावलेला ऑइल पेंट: बऱ्यापैकी. थोरॉनला रंगाचा एक थरही पुरतो, कारण वाटेत काही मिनिटं उशीर झाला तरी तो संपतो.

रेडॉनला मात्र चार दिवस वेळ आहे. एका बाजूनं वाट बंद केली की तो दुसऱ्या बाजूनं निघतो. बेडरूमच्या भिंतीला इपॉक्सी मारलं तर हॉलमध्ये थोडा जास्त येईल, स्लॅबला खालून रंग दिला तर वरच्या शेजाऱ्यांकडे. रेडॉनसाठी म्हणून महागडा लेप विकायला कोणी आलं तर त्याला आधी मोजून दाखवायला सांगा.

बांधकाम सुरू आहे. आत्ता काय करता येईल?

जे चांगल्या बांधकामासाठी करायचं तेच. काँक्रीटमध्ये पाणी जास्त घालू नका. मिक्सरवर नळी सोडून मसाला पातळ करण्याची सवय वाईटच, कारण जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे छिद्रांचं जाळं सोडतं. व्हायब्रेटर नीट फिरवा, पाणी दहा-चौदा दिवस मारा. तळमजल्याच्या कोब्याखाली जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरा. तो ओल अडवतोच, जमिनीतली हवाही अडवतो. पाईप जिथून जमिनीत जातात तिथल्या फटी भरून घ्या. आणि प्रत्येक खोलीला समोरासमोर हवा खेळेल अशा खिडक्या ठेवा. आर्किटेक्टनं दिल्या असतील तर नंतर कपाट करायला त्या बुजवू नका.

आमच्या बेडरूमला रात्रभर एसी असतो. तो हवा बदलतो ना?

स्प्लिट एसी हवा बदलत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. दार-खिडक्या बंद करून आठ तास झोपणं म्हणजे वरच्या हिशेबातली सगळ्यात वाईट अवस्था. सकाळी उठल्याबरोबर दोन्ही खिडक्या पंधरा मिनिटं उघडा. खिडकी अर्धा इंच उघडी ठेवून एसी लावला तर बिल थोडं वाढेल, तेवढं द्या.

मोजायचं कसं?

दोन रस्ते. एक, इलेक्ट्रॉनिक मीटर, ऑनलाइन मिळतात. दोन, छोट्या डबीतली फिल्म, जिच्यावर अल्फा कणांचे ओरखडे उठतात आणि ते नंतर प्रयोगशाळेत मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेल्या अशा डब्या आपल्याकडे संशोधनात सर्रास वापरल्या जातात. डबी भिंतीपासून दोन फूट तरी दूर टांगा, नाहीतर थोरॉन घोळ घालतो. खिडकी, पंखा, ओटा यांच्याजवळ नको. निदान तीन महिने राहू द्या, आणि जमलं तर एक मोजणी पावसाळ्यात, एक उन्हाळ्यात. एका रात्रीचा आकडा घेऊन वाद घालू नका. दार उघडलं तरी तो निम्म्यावर येतो.

मोजून १५० आला तर?

आधी खोलीची रोजची सवय तपासा: किती तास बंद, एसी किती, खिडकीसमोर काय. ती बदलून पुन्हा तीन महिने मोजा. वरच्या मजल्यावर असाल तर इथंच बहुधा काम होईल. तळमजल्यावर असाल आणि तरीही आकडा हलला नाही, तर फरशी आणि भिंतीचा सांधा, मोरीचा पाईप, पाण्याच्या टाकीची झाकणं एकेक करून बंद करा आणि परत मोजा. त्यानंतरही १०० च्या वर राहिला तर फरशीखाली पाईप घालून तिथली हवा पंख्यानं थेट गच्चीवर सोडायची. प्लंबर आणि मिस्त्री मिळून हे काम करू शकतात. फक्त पाईपचं तोंड गच्चीवर टाकीच्या किंवा खिडकीच्या जवळ येणार नाही हे बघा.